एकतीस टक्के

आमच्या घरात चारशे गाद्या आहेत आणि मला बसायला जागा नाही. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे. बँकेत ऐकवलं, जिन्यात ऐकवलं, एकदा तर चुकीचा नंबर लागलेल्या एका अनोळखी गृहस्थांना फोनवर ऐकवलं. एकानेही ते मनावर घेतलं नाही. गृहस्थांनी उलट गाद्यांचा दर विचारला.

या गाद्या झोपायच्या नव्हेत. ऑफिसातल्या खुर्च्यांवर ठेवतात त्या, चौकोनी, मागे बांधायची पट्टी असलेल्या. माझी बायको आणि तिची धाकटी बहीण त्या शिवतात. दोघींची रीतसर नोंदवलेली कंपनी आहे, शिक्का आहे, पावतीपुस्तक आहे, आणि कंपनीचा कारखाना म्हणजे आमचा दिवाणखाना. गेली चार वर्षं माझ्या चहात फोमचे कण, चष्म्याच्या डबीत फोमचे कण. मागे डॉक्टरांनी माझ्या कानातून एक कण चिमट्याने काढला. तो मी कागदात गुंडाळून घरी आणला आणि हिच्यापुढे ठेवला. हिने तो बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा जुन्या मालातला आहे."

तेव्हा बँक कर्ज देईल, त्या कर्जातून दोन नवी मशीनं येतील, बाजारामागे एक गाळा भाड्याने घेता येईल आणि कंपनी आपलं बिऱ्हाड उचलून तिकडे जाईल, असं ऐकल्यावर मी कागदपत्रांचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. बँकेच्या यादीत सातवी ओळ होती: कंपनीचं गेल्या वर्षाचं ऑपरेटिंग प्रॉफिट मार्जिन, स्प्रेडशीटमध्ये, सूत्रांसह. म्हणजे विक्रीतून धंदा चालवायचा सगळा खर्च वजा करायचा आणि शंभरामागे किती उरतात ते सांगायचं. तेहेतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात हिशेब तपासले. माझ्या लाल शाईला घाबरून लोक रजेवर जात. कंपनीच्या वह्याही चारही वर्षं मीच लिहीत आलो होतो, फुकट. "दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. हे दहा मिनिटांचं वाक्य पुढे मला घरात इतक्या वेळा परत ऐकवण्यात आलं की त्याची वेगळी फाईल करता आली असती.

पहिल्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून संगणकापुढे बसलो. बसलो म्हणजे दोन खोक्यांवर बसलो, कारण खुर्चीवर तयार माल होता. दोनशे चौदा बिलं एकेक करून शीटमध्ये उतरवली. दुपारी तीन वाजता बेरजेचं सूत्र घातलं. एकूण विक्री: शून्य. एकूण खर्च: शून्य. नफा: शून्य. आणि प्रमाणाच्या जागी यंत्राने लिहिलं की शून्याने भागता येत नाही. हे मला! चौथीतल्या मुलाला सांगावं तसं!

माझा आवाज वर गेला असावा, कारण वरच्या मजल्यावरचे इंजिनियर खाली आले. हे गृहस्थही निवृत्त आहेत. दर वाक्यानंतर "अचूक" म्हणायची त्यांना सवय, म्हणून सगळी इमारत त्यांना अचूकच म्हणते. त्यांना न बोलावता येण्याचीही सवय आहे. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीवरच्या बारा गाद्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि स्वतः खुर्चीवर बसले.

"लेखापालसाहेब, यंत्र तापलंय. बंद करून चालू करू. अचूक."

बंद करून चालू केलं. शून्य. माऊसच्या बॅटऱ्या बदलल्या. शून्य. मग त्यांनी वरच्या ओळीला निळा रंग दिला, खालच्या ओळीला पिवळा दिला आणि जरा मागे सरकून पाहिलं. शून्य आता पिवळ्यावर जास्त उठून दिसत होतं.

शेवटी मेहुणी कात्री घेऊन आली. तिने उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं.

"भावजी, प्रत्येक आकड्यामागे हे काय लावलंय?"

मी रकमेपुढे एक तिरपी रेघ आणि आडवी रेघ लावतो. '५,२०,०००/-' अशी. कोणताही जबाबदार माणूस लावतो. न लावली तर उद्या कुणी पुढे एक शून्य वाढवेल आणि खातं बुडेल. तेहेतीस वर्षांत माझी एकही रक्कम कुणाला वाढवता आली नाही ती याच रेघांमुळे.

"त्या रेघांमुळे त्याला ते आकडे वाटतच नाहीत," मेहुणी म्हणाली. "अक्षरं वाटतात. काढून टाका."

म्हणजे सगळी हयात मी ज्या सावधपणावर काढली, तो या डबड्याला गचाळपणा वाटत होता. मी दात-ओठ खात दोनशे चौदा ठिकाणच्या रेघा एकेक करून काढल्या. त्याला दोन तास लागले. शेवटची रेघ काढल्यावर मेहुणी म्हणाली, "अहो, हे सगळं एकदम करता येतं. दोन बटणं दाबायची." मी विचारलं, हे दोन तासांपूर्वी का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुम्ही इतके रागात होतात, म्हटलं कशाला मध्ये बोला."

दुसऱ्या दिवशी, सूत्र पुन्हा घालण्याआधी, मी बाजारातून छपाईची शाई आणायला गेलो. तेवढ्यात अचूक खाली आले आणि त्यांना आमच्या यादीत शिस्त दिसली नाही. त्यांनी दुकानदारांची नावं अकारविल्हे लावली. फक्त नावं. शेजारच्या रकान्यातल्या रकमा होत्या तिथेच राहिल्या. मी परत आलो तेव्हा टेम्पोवाल्याकडून आम्ही तीन लाखांचा दोरा घेतला होता, कापडाच्या व्यापाऱ्याने नव्वद रुपयांत वर्षभर कापड पुरवलं होतं आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याचं बिल इतकं झालं होतं की त्यात माणसाने मशीनचा कारखाना विकत घेतला असता.

"आता कसं, एका नजरेत सापडतं," अचूक म्हणाले.

"तुम्ही हे साठवलंत?"

"दर मिनिटाला साठवतो. अचूक."

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांच्या पत्नीने ते गॅलरीतून ऐकलं आणि आठवडाभर आमच्याकडचं वर्तमानपत्र नेलं नाही. एरवी रोज नेतात आणि कोडं सोडवून परत देतात. त्या आठवड्यात कोडं मीच सोडवलं, तेवढाच या प्रकरणातला माझा लाभ.

बेरीज बिघडत नव्हती, पण असा कागद मी बँकेत नेणार नव्हतो; मूळ बिलं पुन्हा पाहायची तर ती तारेला टोचलेली होती. ती तार गाद्यांच्या तिसऱ्या थप्पीमागे होती. थप्पी हलवल्यावर चौथी पडली, चौथीने पाचवीला ओढलं, आणि हिने आतून ओरडून विचारलं, "उद्या न्यायचा माल आहे तो, चुरगळला तर कोण इस्त्री करणार?" मी, अर्थात मी. त्या दिवशी मी छत्तीस खोळी इस्त्री केल्या आणि एकही आकडा जुळवला नाही. जुळवाजुळवीत पुढचे तीन दिवस गेले. दहा मिनिटांच्या कामाचा तो पाचवा दिवस होता, असं मला दोनदा सांगण्यात आलं.

अखेर सहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, उत्तर आलं. तीन हजार एकशे टक्के.

मी चकित झालो नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण अचूक माझ्याही आधी उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेतला. झालं गेलं विसरून आम्ही चहा घेतला. एका गादीमागे तीन हजार टक्के सुटत असताना आपण पेन्शन मोजत बसलो, याची मला खंत वाटली. गाळा भाड्याने कशाला, विकतच घ्यावा, असंही आमचं बोलणं झालं. तेवढ्यात ही मागून येऊन म्हणाली, "तुम्ही स्वतः शंभराने गुणलंय आणि वर ते टक्क्याचं बटणही दाबलंय. दोन शून्यं जास्त आहेत." आणि ती कापड मापायला निघून गेली. अचूकांनी चहा अर्धा ठेवला.

तर, एकतीस टक्के. विक्री अठरा लाख चाळीस हजार, खर्च बारा लाख एकोणसत्तर हजार सहाशे, नफा पाच लाख सत्तर हजार चारशे. पुन्हा पुन्हा तपासलं. शंभरामागे बरोब्बर एकतीस. मी कागद छापला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बँकेत गेलो.

बँकेत तीन खिडक्या फिरल्यावर कर्जाच्या बाई सापडल्या. माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिला.

"काका, एकतीस टक्के? गाद्यांमध्ये?"

"आहेत," मी म्हणालो. काका म्हटल्याचा राग मी गिळला.

"भाडं कुठाय यात?"

"भाडं नाही. घर माझं आहे."

"विजेचं बिल?"

"ते मी भरतो."

"आणि पगार?"

"पगार कसला? दोघी घरच्याच आहेत," मी हे अभिमानाने म्हणालो. काटकसर दाखवावी तसं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, दुसऱ्या कुणी तुमच्या हॉलमध्ये ही कंपनी चालवली तर भाडं देईल ना? शिवणाऱ्या बायकांना पगार देईल ना? मग हा धंद्याचा नफा कसा? सगळं धरून परत आणा. पण सहाच्या खाली गेलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि भाडं धरलंत तर कराराचा कागद जोडा. कर्ज तीन वर्षांचं आहे, करारही तीन वर्षांचा करा."

मी घरी येईपर्यंत रस्ताभर बोलत होतो. लोक वळून पाहत होते, पाहू देत. माझ्या हिशेबात चूक काढणारी माणसं मी हयातीत दोनच पाहिली होती आणि दोघांचीही पुढे बदली झाली.

भाडं महिना आठ हजार धरलं, वीज बावीसशे. करारपत्र स्वतः लिहिलं, दोन साक्षीदार आणले, त्यातले एक अचूक. मालक म्हणून मी सही केली, कंपनीतर्फे हिने केली. प्रमाण चोवीसवर आलं. राहिला पगार. मी क्षणभर विचार केला आणि दोघींना महिना तीन-तीन हजार लिहिले. वीस टक्क्यांच्या वर राहत होतं. भक्कम वाटलं. गाळा मला डोळ्यांपुढे दिसू लागला, आणि रिकाम्या दिवाणखान्यात माझी आरामखुर्ची.

ही मागे उभी होती.

"तीन हजार कुणाचे?"

"तुझे. आणि तिचे. नावापुरते गं, बँकेला दाखवायला."

"ताई, असू दे," मेहुणी म्हणाली. "कर्ज मिळू दे आधी."

"समोरच्या कारखान्यात शिवणाऱ्या बाईला चौदा मिळतात," ही म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं पडलं असतं. "ती सहाला घरी जाते. मी आठपर्यंत बसते."

"चौदा धरले तर सहाच्या खाली जाईल! कर्ज जाईल! गाळा जाईल!" मी ओरडलो. "आणि तुला काय कमी पडतंय इथे? माझी पेन्शन पुरते की आपल्याला!"

"पेन्शन?" ती म्हणाली. "गच्चीची गळती काढली ती? मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी? तुमच्या दातांचं?"

मला वाटत होतं, ते पेन्शनमधून गेलं. मी वही उघडली. 'घरखर्चास उचल' असं माझ्याच अक्षरात, माझ्याच लाल शाईत, दर महिन्याला लिहिलेलं होतं, आणि मी त्या ओळीची बेरीज कधीच केली नव्हती. आता केली. चार वर्षं ज्याला मी कंपनीचा नफा म्हणत होतो तो या दोघींचा पगार होता. आणि ज्याला माझी पेन्शन म्हणत होतो, त्यात तो निम्माशिम्मा मिसळलेला होता. माझे दातसुद्धा गाद्यांचे होते.

मला भयंकर राग आला. बँकेचा आला, यंत्राचा आला, वरच्या मजल्याचा तर आलाच, आणि त्यातून कुणी उरलं असेल तर माझा आला. त्या रागातच मी तीन हजार पुसले आणि चौदा हजार लिहिले, दोघींच्या नावापुढे, बोट मोडेल इतक्या जोरात. जाऊ दे कर्ज. बसेन खोक्यावर. यंत्राने पापणीही न हलवता नवा आकडा काढला: सहा पूर्णांक नऊ शतांश.

मेहुणीने कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या खेपेला ही बरोबर आली. बाईंनी कागद वाचला, मान हलवली. "हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "कर्ज देता येईल." मी खुर्चीत सैलावलो. बँकेच्या खुर्चीवर गादी होती, आमचीच असावी. मग बाईंनी करारपत्र उलटलं.

"मशीनचे देते. गाळ्याचे मात्र कापावे लागतील."

"का?"

"जागा आहे की तुमच्याकडे. हा बघा, तीन वर्षांचा करार. जागा असताना दुसऱ्या जागेला पैसे दिले तर वरचे मला विचारतील." त्यांनी बोट ठेवलं. "मालक म्हणून ही सही तुमचीच ना, काका?"

माझीच होती. अक्षर सुंदर होतं. खाली अचूकांची साक्ष होती.

मी त्या ऑफिसात काय काय बोललो ते हिने मला नंतर सांगितलं, मला नीट आठवत नाही. पहारेकरी दारापर्यंत सोडायला आला एवढं आठवतं. नवी मशीनं पुढच्या मंगळवारी आली. ती ठेवायला माझी आरामखुर्ची हलवावी लागली. मी विरोध केला तेव्हा मेहुणीने करार वाचून दाखवला: भाडेकरूच्या कामात मालकाने अडथळा आणू नये. हे कलम मीच घातलं होतं, सगळीकडे असतं म्हणून. आता मी स्वयंपाकघरात बसतो, ओट्याकडे पाठ करून, आणि महिन्याला आठ हजार भाडं घेतो.

पहिल्या तारखेला पगार झाला. पगार झाला म्हणजे मी पगारपत्रक केलं, दोन ओळींचं, आणि सह्या घ्यायला दिवाणखान्यात गेलो. मेहुणीने सही केली, पैसे पर्समध्ये टाकले आणि पुन्हा मशीनवर बसली. हिने हात पुसले, चष्मा लावला, स्वतःचं नाव असलेली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. सही करताना तिचा हात इतका हळू चालला होता की मी चिडलो.

"चार वर्षं!" मी म्हणालो. "चार वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं होतंस! एका शब्दाने कधी म्हणाली नाहीस की माझा पगार कुठाय म्हणून!"

तिने पेनचं टोपण लावलं.

"तुम्ही हिशेब लिहीत होतात ना," ती म्हणाली. "मला वाटलं, धरला असेल."